रापणीच्या आड

मागच्या रविवारी सकाळी सात वाजता मी मालवणच्या समुद्रात पाण्याखाली होतो आणि साडेआठ वाजता दांडीच्या किनाऱ्यावर सख्ख्या काकांच्या शिव्या खात होतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे. किंबहुना पहिली झाली म्हणूनच दुसरी झाली.

सुरुवात ऑफिसच्या कँटीनमध्ये झाली. एक भलामोठा रिलीज कसाबसा पार पडला होता, तीन आठवडे कोणी नीट झोपलं नव्हतं, आणि टीममधल्या एकाने जाहीर केलं की आता कुठेतरी जायला हवं. लोणावळा नको, अलिबाग नको... मग कुणीतरी म्हणालं, स्कूबा! आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. कारण टीममधला एकमेव मालवणी मी. (तसा मी जन्माने डोंबिवलीकर. बाबा गोदीत कामाला लागले आणि डोंबिवली वेस्टला खोली घेतली, त्यामुळे माझं मालवण म्हणजे मे महिना आणि गणपती. पण कँटीनमध्ये एवढा तपशील कोण सांगत बसतं?) शिवाय माझ्याकडे हुकमाचा एक्का होता. माझा चुलतभाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, त्याची स्वतःची स्कूबाची बोट आहे. "फॅमिली रेट!" मी टेबलावर हात आपटून सांगितलं.

आता आमच्या घराबद्दल थोडं. आम्ही गाबीत, म्हणजे पिढीजात मासेमारी करणारे. तात्या, म्हणजे माझे मोठे काका, आयुष्यभर रापणीवर. रापण ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: एक लांबलचक जाळं होडीत भरून नेतात, समुद्रात अर्धगोल मारत सोडतात आणि त्याची दोन टोकं किनाऱ्यावर आणतात. मग दोन्ही बाजूंनी माणसं दोऱ्या धरून ओढायला लागतात. तास, दोन तास. जाळं हळूहळू किनाऱ्याकडे सरकतं आणि शेवटी वाळूवर चांदीचा ढीग पडतो. ढिगाचे वाटे होतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. शेजारची म्हातारी येऊन दोरीला नुसता हात लावून गेली तरी तिच्या टोपलीत चार मासे पडतात. मला लहानपणी तीन बांगडे मिळाले होते. माझी पहिली कमाई ती!

तर तात्या रापणीवर आणि त्यांचा मुलगा स्कूबावर. दादासुद्धा पंचविशीपर्यंत रापणच ओढत होता. पण मासळी कमी होत गेली, पर्ससीनवाले बाहेरच्या बाहेर थवे उचलायला लागले, आणि दुसरीकडे किनाऱ्यावर पुण्या-मुंबईच्या गाड्या वाढत गेल्या. दादाने कर्ज काढलं. बोट घेतली, सिलिंडर घेतले, हवा भरायचा कॉम्प्रेसर घेतला. त्या दिवसापासून बापलेक एका घरात राहतात, एका पंगतीत जेवतात आणि समुद्र सोडून बाकी सगळ्या विषयांवर बोलतात. मला हे ऐकून माहीत होतं. पण ऐकून माहीत असणं वेगळं.

शुक्रवारी मध्यरात्री आम्ही चौघे ठाण्याला तुतारीत चढलो, शनिवारी कुडाळला उतरलो, दुपारी मालवणात. काकीने माशांचं जेवण वाढलं, मित्रांनी बोटं चाटली, यथासांग झालं. संध्याकाळी दादाबरोबर उद्याचं ठरवायला बसलो.

"साडेआठ-नऊला जाऊया," दादा म्हणाला. "सकाळी रापण असतली."

आता इथे माझी चूक आहे, ती सरळ लिहून टाकतो. मित्रांना संध्याकाळची कोकणकन्या गाठायची होती. मध्ये सिंधुदुर्ग किल्ला करायचा होता. शिवाय नऊनंतर स्कूबाच्या बोटींची जत्रा लागते हे मला माहीत होतं. मी दादाच्या मागे लागलो. अरे दादा, साडेसहाला निघू, तासाभरात परत येऊ, कोणाला कळणार पण नाही. दादा दोनदा नाही म्हणाला. तिसऱ्यांदा गप्प बसला. गप्प बसलेल्या माणसाचा अर्थ आपल्याला पाहिजे तो लावायची सवय मला ऑफिसात लागली आहे. मीटिंगमध्ये कोणी काही बोललं नाही की मंजूर!

सकाळचा समुद्र काय सांगू तुम्हाला... नोव्हेंबरचं पाणी, तळाशी वाळूत पडलेला शिंपला वरून दिसावा इतकं स्वच्छ. समोर किल्ला. १६६४ साली या किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा ज्या खडकावर झाली, तो मोरयाचा धोंडा दांडीच्याच किनाऱ्यावर आहे. लहानपणी आम्ही तिथे खेकडे पकडायचो. बोटीतून तो मागे मागे जाताना पाहिला आणि उगाच छाती फुगली.

मालवणची स्कूबा म्हणजे खरं तर स्कूबाची चव. पोहता येत नसलं तरी चालतं. एक गाइड मागून तुमचा सिलिंडर धरून असतो आणि तुम्हाला पंधरा-वीस फुटांवर फिरवून आणतो. दादाने सूचना दिल्या. तोंडाने श्वास घ्यायचा. कान दुखले तर नाक दाबून फुंकायचं. बोटांची गोल खूण म्हणजे सगळं ठीक, अंगठा वर म्हणजे मला वर न्या. मी मान डोलावली आणि पाण्यात गेल्यावर तिसऱ्या मिनिटाला पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे शेकडो मासे बघून खुशीत दोन्ही अंगठे वर केले. (दिवसभर टीम्सवर अंगठे वाटणाऱ्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा करणार?) गाइडने इमाने इतबारे मला वर आणलं. परत खाली जावं लागलं. मित्रांनी याचा व्हिडिओ केलाय आणि तो मी मरेपर्यंत दाखवला जाणार आहे.

ते मासे तिथे का जमले होते, हेही सांगतो. बोटीवरच्या पोराने पावाचे तुकडे सोडले होते. मासे आले नाहीत तर पर्यटकाचा फोटो येत नाही, आणि फोटो आला नाही तर तो पैसे वसूल झाले नाहीत म्हणतो. खडकाच्या एका अंगाला प्रवाळ पांढरट तुटलेलं दिसलं. त्याच्या शेजारी आमच्याच बोटीचा नांगर टेकला होता. मी ते पाहिलं आणि पुढे गेलो. खरं सांगतो, त्या क्षणी फक्त एवढंच वाटलं की किती शांत आहे हे सगळं.

वर आलो, मास्क काढला आणि किनाऱ्याकडे पाहिलं. वाळूवर तीस-चाळीस माणसं उभी होती. कोणी काही ओढत नव्हतं. सगळे नुसते आमच्याकडे बघत उभे.

झालं असं होतं की पहाटे तात्यांना बांगड्याचा थवा दिसला होता. पाण्याच्या रंगावरून, वरच्या पाखरांवरून त्यांना हे कळतं, मला विचाराल तर पाणी पाण्यासारखंच दिसतं. होडी जाळं सोडत निघाली होती, अर्धगोल निम्मा झाला होता, आणि आमची बोट इंजिन लावून बरोबर त्या उघड्या बाजूने खडपाकडे गेली. खडप म्हणजे पाण्यातला खडक. मासो फुटलो, म्हणजे थवा विखुरला. रापण ओढली तेव्हा जाळ्यात काय आलं म्हणता? दोन टोपल्यासुद्धा धड नाही. चाळीस माणसांत.

तात्या दादाशी एक शब्द बोलले नाहीत. माझ्याकडे आले.

"तुमका काय, दोन दिस येतास, फोटो काढतास, जातास."

"तात्यानू, माझी चूक..."

"चूक तुझी नाय. तू मुंबयकार. तुका काय म्हायत?"

शिव्या त्यानंतर आल्या, पण त्यांचं काही वाटलं नाही. मुंबयकार हा शब्द मात्र लागला. मी मनात म्हणत होतो, मी या घरचा आहे, मला तीन बांगड्यांचा वाटा मिळालेला आहे! मागे माझे तीन मित्र ओल्या सूटमध्ये उभे होते आणि एकाच्या डोक्यावर गोप्रो चालूच होता.

हे भांडण आमच्या घरापुरतं असतं तर मी लिहिलंही नसतं. मालवणच्या किनाऱ्यावर हे बरीच वर्षं चालू आहे आणि त्याची मुळं स्कूबाच्याही आधीची आहेत. १९८७ साली सरकारने इथे सागरी अभयारण्य जाहीर केलं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यात सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासचा ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा. महाराष्ट्रातलं हे पहिलं सागरी अभयारण्य. हेतू चांगलाच होता, प्रवाळ वाचावं. पण ज्यांचं पोट त्या पाण्यावर, त्यांच्या कानावर पहिली गोष्ट आली ती म्हणजे मासेमारी बंद होणार. मच्छिमारांनी विरोध केला, तो आजतागायत संपलेला नाही, आणि अभयारण्य बरंचसं कागदावरच राहिलं.

मग आली स्कूबा. एमटीडीसीने तारकर्लीला प्रशिक्षण संस्था काढली, गावातली पोरं शिकली, बोटी वाढल्या. आणि तात्यांच्या पिढीला एक चमत्कारिक दृश्य दिसलं. ज्या प्रवाळासाठी तुम्ही जाळं टाकू नका असं सांगत होते, त्याच प्रवाळावर आता दिवसाला ढीगभर माणसं उतरवतायत. तात्यांच्या बाजूने विचार केला तर हे कोणाला पटेल?

पण दादाच्या बाजूनेही बघा. स्कूबावाले म्हणजे कोणी बाहेरचे धनदांडगे नाहीत (काही असतील, नाही म्हणत नाही), बरेचसे गाबितांचेच झील आहेत. रापणीचा हंगाम पावसाळ्यानंतर, आणि पाणी नितळ होऊन स्कूबा सुरू होते तीही पावसाळ्यानंतर. जागा तीच, महिने तेच, सकाळ तीच. आमच्या भाषेत याला डेडलॉक म्हणतात. दोन प्रोसेस एकमेकींनी धरून ठेवलेल्या गोष्टीसाठी अडून बसतात आणि दोघीही पुढे सरकत नाहीत. कॉम्प्युटरमध्ये निदान एकीला मारून टाकता येतं. इथे एक बाप आहे आणि एक मुलगा.

मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची एक बोट उलटली. स्कूबा करून परतत होते, वीस जण होते, दोघे गेले. त्यानंतर बोटींची तपासणी, परवाने, लाइफ जॅकेट असं सगळं कडक झालं, आणि व्हायलाच हवं होतं. दादाची बोट काही काळ किनाऱ्यावर ताडपत्रीखाली होती. काकी सांगत होती, त्या दिवसांत तात्या रोज संध्याकाळी जाऊन ताडपत्रीची दोरी घट्ट करून यायचे. दादाला हे माहीत नाही म्हणे. (आता होईल.)

दुपारी मित्र किल्ल्यावर गेले. मी गेलो नाही. ओटीवर बसून मला राहून राहून उपवन आठवत होतं. मी हल्ली ठाण्यात उपवन तलावाजवळ भाड्याने राहतो. तलावांचं शहर वगैरे ठीक आहे, पण शनिवार-रविवारी तिथे काय चालतं ते तिथे राहणाऱ्यांना विचारा. आमच्या गेटसमोर बाइका, रात्री बारा वाजता बोनेटवर केक, येऊरहून खाली येणाऱ्या गाड्यांचे हॉर्न, सकाळी काठावर बाटल्या. मागच्या वर्षी सोसायटीने तक्रारीचा अर्ज केला होता. त्यातलं 'बाहेरून येणाऱ्या बेजबाबदार लोकांमुळे' हे वाक्य मी घातलं होतं. टाइपसुद्धा मीच केलं होतं! बोनेटवर केक कापणारा पोरगा कदाचित डोंबिवलीहून आलेला असेल. आठ बाय दहाच्या खोलीत वाढलेला, वाढदिवसाला कुठेतरी पाणी बघायला आलेला. जसा मी कॉलेजात असताना मासुंद्याच्या काठावर यायचो.

संध्याकाळी मित्रांना स्टेशनला सोडलं. सोमवारची सुट्टी टाकली. मॅनेजरला 'कौटुंबिक कारण' असं कळवलं, आणि पहिल्यांदाच ते खरं होतं.

रात्री जेवणं झाली. दादा मुकाट्याने उठून गोप्रोमधला व्हिडिओ टीव्हीला लावत होता, पुढच्या गिऱ्हाइकांना दाखवायला त्याला तो हवा होता. तात्या दाराकडे तोंड करून सुपारी कातरत बसले होते. टीव्हीवर निळं पाणी आलं, माझे दोन अंगठे आले, काकी हसली. मग कॅमेरा खडकाच्या कडेने खाली गेला आणि तात्यांचा अडकित्ता थांबला.

"थांब. माघारी घे."

दादाने मागे घेतलं.

"ह्या खडप... तीन वाव पाणी. हयसर कपार आसतली."

दोन सेकंदांनी पडद्यावर कपार आली.

तात्यांनी ते खडप साठ वर्षांत कधी पाहिलेलं नव्हतं. शिसं बांधलेली दोरी सोडून, जाळं कुठे अडकतं आणि गळाला काय लागतं यावरून त्यांनी ते मनात बांधलं होतं. पुढे कुठे उतार आहे, कुठे वाळू लागते, सगळं ते आधी सांगत होते आणि मग ते पडद्यावर येत होतं. कपारीत काहीतरी हललं. "गोबरो," तात्या म्हणाले. मला तर दगडच वाटला होता. पुढे एक तांबोशी गेली. मग पावाचे तुकडे आले आणि माशांची झुंबड.

"मासो पाव खाता?" तात्यांनी विचारलं. कोणाला, ते कळलं नाही. दादाने रिमोटकडे बघत उत्तर दिलं, "गिऱ्हाइकांका मासे दिसाक होये." मग पांढरं तुटलेलं प्रवाळ आणि शेजारी नांगर. दादाने तो भाग पुढे ढकलायला हात उचलला, पण उशीर झाला होता. तात्या काही बोलले नाहीत. मला वाटतं बोलले असते तर बरं झालं असतं.

शांतता असह्य होऊन मी माझं ज्ञान पाजळलं. फिलिपीन्समध्ये आपो नावाचं छोटंसं बेट आहे. १९८० च्या दशकात तिथल्या मच्छिमारांनी सिलिमान विद्यापीठातल्या अँजेल अल्काला या शास्त्रज्ञाच्या मदतीने किनाऱ्यालगतच्या प्रवाळाचा एक तुकडा आपणहून मासेमारीला बंद केला. मासे वाढले, बाजूच्या पाण्यात मिळायलाही लागले, पुढे स्कूबावाले आले तर त्यांच्याकडून फी घ्यायला लागले. कुरबुरी तिथेही चुकल्या नाहीत, पण हद्द कुठे आखायची हे बेटावरच्या लोकांनी ठरवलं. मी पाच मिनिटं बोललो असेन. प्रेझेंटेशनची सवय.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. "त्येंका इचारल्यानी," ते म्हणाले. "आमका कोणी इचारूक नाय." मग थोडं थांबून, दादाकडे न बघता, "घरच्यांनी पण नाय."

दादा उठून बाहेर गेला. थोड्या वेळाने आत आला तेव्हा त्याने एवढंच विचारलं, की उद्या रापण किती वाजता. तात्यांनी सांगितलं, साडेपाच. बस. समेट झाला वगैरे कोणी समजू नका. गावच्या रापणवाल्यांचे आणि बोटवाल्यांचे प्रश्न आमच्या ओटीवर सुटणारे नाहीत. आता निवृत्त युद्धनौका आयएनएस गुलदार निवतीजवळच्या समुद्रात बुडवून तिथे पर्यटन करायचा प्रकल्प सरकारने हाती घेतलाय. त्यावरही त्या दोघांची दोन मतं आहेत, ती लिहायला बसलो तर पुढचा वीकएंड जाईल.

सोमवारी पहाटे मी दोरीला हात लावला. पंधरा मिनिटांत तळहात सोलले. माझ्या पुढे एक सत्तरीची आजी होती, ती मागे वळून म्हणाली, "कमरेन ओढ रे, हातान नको." समोर खडपाच्या बाजूला एकही बोट नव्हती. साडेआठपर्यंत नव्हती. दादाच्या बोटीवर नाशिकची सहा माणसं सात वाजल्यापासून जॅकेट घालून बसलेली मला किनाऱ्यावरून दिसत होती. त्यातला एक सारखं घड्याळ दाखवत होता. दादा त्याला काहीतरी समजावत होता. काय समजावत होता कोण जाणे, त्याच्या जागी मी असतो तर मला जमलं नसतं. त्यातले दोघे शेवटी उठून दुसऱ्या बोटवाल्याकडे गेले.

जाळं आलं. फार नाही, पण कालच्यापेक्षा बरं. बांगडे, पेडवे, थोडी कोलंबी. वाटे झाले. माझ्या पिशवीत सात बांगडे पडले. तात्यांनी मोजले, एक काढून घेतला. म्हणाले, "उशिरा इलंस."

सहा बांगडे थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून आणले. ठाण्यातल्या खोलीवर न जाता थेट डोंबिवलीला घरी गेलो. आईने डबा उघडून पहिल्यांदा कल्ले पाहिले आणि मग विचारलं, तात्या आणि दादा बोलतात का. मी म्हटलं, वेळा सांगतात एकमेकांना. आईने दोन बांगडे वेगळे काढले, बाकीच्यांना मीठ-हळद लावली.

मित्रांच्या ग्रुपवर नाताळच्या सुट्टीत परत जायचं घाटतंय. या वेळी दहा जण आहेत. सकाळी सातचा स्लॉट मिळेल का म्हणून विचारतायत. दादाला अजून फोन केलेला नाही. आधी तात्यांना करावा म्हणतोय, पण ते फोन उचलत नाहीत, आणि उचलला तरी "काय ता लवकर बोल" म्हणतात.